नालीतील विष कोणाच्या वाट्याला?

महालात जूनचा पहिला दणक्याचा पाऊस पडला की बडकस चौकापासून गांधी गेटपर्यंतच्या गल्ल्यांतील नाल्या पाहता पाहता तुडुंब होतात. काळे पाणी, वर तेलाचा तवंग, प्लास्टिक, पालापाचोळा, चहाच्या टपरीवरचे कप. तासाभरात पाऊस थांबतो, पाणी ओसरते आणि घरमालक म्हणतो, ‘चला, नाली साफ झाली.’ नाली साफ झाली हे खरे आहे. पण नालीत जे होते ते कुठे गेले, हे कोणी विचारत नाही.

ते नाग नदीत गेले. नाग नदी पुढे पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दच्या धरणात अडते. ज्या नाग नदीचा संदर्भ बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात नाग लोकांबद्दल बोलताना दिला, तीच ही नदी. आज शाळकरी पोराला विचारले तर तो तिला ‘नाला’ म्हणतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नाग नदीच्या घाणीवर बोलणारे पुष्कळ आहेत. मलजल, बीओडी, कोलिफॉर्म हे शब्द आता नगरसेवकांनाही पाठ झाले आहेत. २०२२ मध्ये केंद्राने नाग नदीच्या प्रदूषण निवारणासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यातून मलवाहिन्या होतील, प्रक्रिया केंद्रे होतील. व्हायलाच पाहिजेत. पण आजचा विषय वेगळा आहे. ज्याला वास नाही, रंग नाही, ज्याच्यावर माशा बसत नाहीत, अशा विषाविषयी मला लिहायचे आहे. ते विष म्हणजे शहरात वापरले जाणारे कीटकनाशक, आणि त्याचे वाहन म्हणजे पावसाचे पाणी.

शहरात शेती नाही, मग कीटकनाशक आले कुठून, असे कोणी विचारेल. कीटकनाशक म्हटले की विदर्भातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे २०१७ चे यवतमाळ येते. कपाशीवर फवारणी करता करता त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. तेव्हा कुठे सरकारला हातमोजे आणि मुखवटे आठवले. त्यामुळे आपली अशी समजूत झाली की विष शेतात असते आणि शहर म्हणजे त्याचा दवाखाना. ही समजूत चुकीची आहे. शहर स्वतः विष विकत घेते, ओतते, धुरळते आणि पावसाच्या स्वाधीन करते. ते तीन वाटांनी शिरते.

पहिली वाट डासांची. हिवताप आणि हत्तीरोग हे नागपूरचे जुने दुखणे, त्यात आता डेंग्यूची भर पडली. १९७१ पासून शहरांसाठी केंद्राची हिवताप योजना आहे. तिच्यानुसार साचलेल्या पाण्यात अळीनाशक टाकले जाते. स्वच्छ पाण्यात टेमेफॉस, घाण पाण्यावर अळीनाशक तेल, आणि धुराळणीसाठी मॅलाथिऑन किंवा पायरेथ्रम. टेमेफॉस तर पाण्यातच टाकायचे असते, त्याचे कामच ते. पण आज टाकले आणि उद्या पाऊस कोसळला तर ते औषध डासाच्या अळीवर काम करण्याआधी नदीत पोचते. पैसा गेला, अळी जगली आणि नदीतले किडे-मासे मेले. धुराळणीचे तसेच. गाडी धूर सोडत गेली की पोरे तिच्यामागे धावतात. धूर विरतो, पण त्यातले औषध हवेत विरून नाहीसे होत नाही. ते कौलांवर, टिनांवर, सिमेंटच्या रस्त्यावर बसते आणि पावसाची वाट पाहते.

दुसरी वाट उधईची, म्हणजे वाळवीची. महालासारख्या जुन्या वस्तीत हिचे महत्त्व डासांपेक्षा कमी नाही. भोसल्यांच्या काळापासूनची ही वस्ती. सागवानी खांब, लाकडी माड्या, मातीच्या भिंती. एकेक वाडा पडतो आहे, तिथे फ्लॅट उभे राहत आहेत. केळीबाग रोडच्या रुंदीकरणात किती जुनी घरे कापली गेली ते महालातल्या माणसाने पाहिलेच आहे. नवी इमारत बांधताना पायात वाळवीचे औषध ओततात. त्याचे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्यात क्लोरपायरिफॉसचे एक टक्का द्रावण दर चौरस मीटर जमिनीला पाच लिटर या प्रमाणात टाकायला सांगितले आहे.

जरा हिशेब करू. हजार चौरस फुटांचा पाया म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. म्हणजे ४६५ लिटर द्रावण. त्यात शुद्ध क्लोरपायरिफॉस साडेचार किलोच्या वर. हे फक्त जोत्याच्या वरच्या थराचे. खड्ड्याचा तळ, बाजू, पायाभोवतीचा भराव यांचे वेगळे. आता दुसरा आकडा. गोड्या पाण्यातल्या जिवांना दीर्घकाळ धोका होऊ नये म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्ये क्लोरपायरिफॉसची मर्यादा ठरवली, ती एका लिटरला ०.०४१ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने एक ग्रॅम क्लोरपायरिफॉस जवळपास २ कोटी ४० लाख लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. साडेचार किलोपैकी हजारावा हिस्सा जरी पावसाने नेला तरी दहा कोटी लिटरच्या वर पाणी बिघडायला तो पुरतो. आणि महालात एका वेळी किती ठिकाणी पाया खोदलेला असतो ते ज्याचे त्याने मोजावे.

इथे एक बाब प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. क्लोरपायरिफॉस मातीला घट्ट चिकटते. माती जागेवर राहिली तर तेही जागेवर राहते. म्हणजे औषध ओतले की ते लगेच नदीत गेले, असे नाही. ते मातीवर बसून जाते. पण आपल्याकडे पायाची माती राहते कुठे? खोदून रस्त्याच्या कडेला, नालीच्या अगदी तोंडाशी तिचा ढीग मारला जातो. वर ताडपत्री नाही, खाली बांध नाही. पाऊस आला की ढिगाचा निम्मा भाग नालीत. याच मानकात हेही सांगितले आहे की पाऊस पडत असताना किंवा जमीन पावसाने ओली असताना औषध टाकू नये. बांधकामाचा ठेकेदार हे वाचत नाही, कारण वाचले की नाही हे तपासायला कोणी येत नाही.

तिसरी वाट आपल्या घरातली, आणि ती सगळ्यात लपलेली आहे. झुरळांची फवारणी, मुंग्यांची पांढरी पूड, खडूची रेघ, कुंडीतल्या गुलाबावरचे औषध, कुत्र्याच्या गोचिडांचे औषध, गाईम्हशींच्या गोठ्यातले औषध. गोचिडांचे औषध लावून कुत्र्याला अंगणात आंघोळ घातली, फवारणीचा पंप मोरीत धुतला, उरलेले ‘फेकून दिले’. फेकले म्हणजे नालीत फेकले. या औषधांपैकी बरीचशी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन या घराण्यातली, म्हणजे पायरेथ्रॉइड आहेत. ती माणसाला तुलनेने कमी घातक म्हणून विकली जातात, ते खरेही आहे. पण माशाला आणि पाण्यातल्या किड्याला ती अत्यंत विषारी आहेत. गंमत पाहा, हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतो आणि आपण वरच्या अंगाने त्या माशांना मारणारे औषध सोडतो.

हे विष शहरातून वाहते कसे, याचा अभ्यास बाहेरच्या देशांत झाला आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९९२ ते २००१ या दहा वर्षांत देशभरातील ओढे-नद्या तपासून २००६ मध्ये अहवाल दिला. ज्यांच्यात निदान एका तरी कीटकनाशकाचे प्रमाण जलचरांसाठीच्या मर्यादेपेक्षा जास्त होते, असे ओढे शेतीच्या भागात ५७ टक्के आणि शहरी भागात ८३ टक्के निघाले. शहर शेतापेक्षा पुढे! त्याचे कारण साधे आहे. शेतात पाणी जमिनीत मुरते, शहरात ते सिमेंटवरून घसरते. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. गेल्या काही वर्षांत आपण गल्लीबोळापर्यंत सिमेंट रस्ते केले, दोन्ही बाजूंना गट्टू बसवले, अंगणात फरशी टाकली. पाण्याला मुरायला वीतभर माती उरू दिली नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, तेव्हा सगळ्या शहराला कळले की आपण पाण्याची वाट कशी बंद केली. त्या पाण्यात काय काय होते, ते कोणी मोजल्याचे ऐकले नाही. पुराचा पंचनामा भिंती आणि भांड्यांचा होतो, पाण्याचा होत नाही.

आता खरा प्रश्न. हे विष बसते कुठे आणि त्याला हात कोणाचा लागतो?

पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरिफॉस, दोन्ही गाळाला चिकटणारी. म्हणून ती पाण्यापेक्षा गाळात अधिक सापडतात. महालातल्या नालीचा गाळ, तलावाचा गाळ, नाग नदीच्या पात्राचा गाळ. पावसाळ्याआधी नालेसफाई होते. नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्यांवर दरवर्षी स्वच्छता मोहीम निघते. नदीत पोकलेन उतरते, फोटो छापून येतात. पण गांधी गेटमागच्या तीन फुटी गल्लीत पोकलेन जात नाही. तिथे फावडे जाते, आणि फावड्यामागे माणूस जातो. तो माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे या वृत्तपत्राच्या वाचकाला मी सांगण्याची गरज नाही. नागपुरात त्याला एक खास नाव आहे, ऐवजदार. दुसऱ्याच्या ऐवजी काम करणारा. आयुष्याची वीस-वीस वर्षे दुसऱ्याच्या ऐवजी काम करून मग कायम होण्याची वाट पाहणारा हा माणूस शहराच्या प्रत्येक घराने सोडलेले विषही दुसऱ्याच्या ऐवजी अंगावर घेतो. काढलेला गाळ बरेचदा काठावरच वाळत पडतो. पहिला पाऊस त्याला पुन्हा आत ढकलतो, आणि पुढल्या वर्षी तोच माणूस तोच गाळ पुन्हा काढतो.

त्याच्या बाजूला दुसरा माणूस उभा आहे, पाठीवर पंप घेतलेला फवारणी कामगार. त्याचा धोका तर आणखी थेट आहे. नालीत विष पातळ झालेले असते, त्याच्या बादलीत ते घट्ट असते. क्लोरपायरिफॉस, टेमेफॉस, मॅलाथिऑन ही सेंद्रिय फॉस्फरसची औषधे कातडीतूनही शरीरात जातात आणि मज्जातंतूंना लागणाऱ्या कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. डोके दुखणे, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी. कामगार म्हणतो, ‘ऊन लागलं साहेब.’ ठेकेदार म्हणतो, ‘रात्री जास्त झाली असेल.’ दोघांनाही डॉक्टरकडे जायचे नसते, एकाला खाडा परवडत नाही म्हणून आणि दुसऱ्याला कागद नको म्हणून.

आणि नदीच्या शेवटच्या टोकाला तिसरा माणूस आहे. नाग नदीच्या पाण्यावर भाजीपाला काढणारा शेतकरी आणि वैनगंगेवर जाळे टाकणारा धिवर. गोसीखुर्दच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्याच वाट्याला नागपूरचे सांडपाणी आले. मासे कमी झाले तर त्याने कोणाच्या नावाने तक्रार करायची? महालातल्या कोणत्या फ्लॅटच्या?

कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या लोकांना कायदा सांगितला जातो तो शिक्षेपुरता, हक्कापुरता नाही.

कीटकनाशक अधिनियम १९६८ चा. त्याचे नियम १९७१ चे. नियम ४४ म्हणतो की रिकामे डबे, उरलेले औषध आणि धुण्याचे पाणी यांची विल्हेवाट पर्यावरणाचे व पाण्याचे प्रदूषण होणार नाही अशा रीतीने लावणे हे उत्पादकाचे आणि फवारणी करणाऱ्या व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. नियम १० (३अ) नुसार पेस्ट कंट्रोलचा धंदा करायला परवाना लागतो. नियम ३७ कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचा, ३९ संरक्षक कपड्यांचा, ४० श्वसनाच्या साधनांचा, ४२ प्रशिक्षणाचा. कागदावर सर्व काही आहे, १९७१ पासून आहे. पण याच अधिनियमाचे कलम ३८ वाचा. स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीसाठी कोणी कीटकनाशक वापरले तर हा कायदा त्याला लागूच नाही. म्हणजे आपली तिसरी वाट कायद्याने मोकळी सोडली आहे. १९६८ मध्ये घरात औषध म्हणजे ढेकणांची पूड होती. आज घराघरात कपाट भरून रसायने आहेत. कलम मात्र तिथेच उभे आहे.

दुसरा कायदा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४. याच्या कलम २४ प्रमाणे प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर विषारी पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे. मात्र तो पदार्थ प्रदूषण नियंत्रण मंडळाने घालून दिलेल्या मानकानुसार ठरायला हवा. आणि प्रवाह म्हणजे काय, हे कलम २ (ञ) मध्ये सांगितले आहे. त्यात वाहता किंवा त्या वेळी कोरडा असलेला जलमार्गही येतो. हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. उन्हाळ्यात कोरडी पडलेली नाली कायद्याच्या नजरेत प्रवाहच आहे, हा युक्तिवाद या व्याख्येच्या आधारे भक्कमपणे करता येतो. तिच्यात मे महिन्यात रिकामा केलेला डबा जुलैमधले प्रदूषण आहे. पण मानकच ठरले नसेल तर कलम दात नसलेल्या वाघासारखे होते. म्हणून पावसाळी पाण्यातील कीटकनाशकांसाठी मंडळाकडे मानक मागणे ही पहिली कायदेशीर लढाई आहे.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आपण लढून मिळवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारातील मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. पण त्या कायद्याचा रोख मैल्यावर आहे. गटार, सेप्टिक टँक, मैला सोडलेली उघडी नाली. रासायनिक गाळाचा त्याने विचार केलेला नाही. महालातल्या जुन्या नाल्यांत मैला आणि पावसाचे पाणी एकत्रच वाहते, तेव्हा तिथे तो कायदा लागू पडतो असे म्हणता येईल. पण ज्या नालीत मैला नाही आणि विष आहे, तिथे उतरणाऱ्याला कोणते कवच?

पैसे नाहीत असे महापालिका म्हणेल. तिला रतलामची आठवण करून द्यावी. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात उघड्या नाल्या आणि दुर्गंधीने त्रस्त झालेले रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडे गेले, नगरपालिकेने पैशांची अडचण सांगितली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने, ती सबब फेटाळली. सार्वजनिक आरोग्याचे वैधानिक कर्तव्य तिजोरी रिकामी आहे म्हणून टाळता येत नाही, हे तेव्हापासून ठरलेले आहे. तेव्हा जे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, ते आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. दार तेच, फक्त पाटी बदलली. आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे नाल्या बांधणे, राखणे, साफ करणे हे महापालिकेच्या मर्जीचे काम नाही, बंधनकारक काम आहे.

या देशात कीटकनाशकावर गदारोळ झालाच नाही असे नाही. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शीतपेयांच्या बाटल्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन, क्लोरपायरिफॉस सापडल्याचे जाहीर केले. संसद हादरली, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, २००४ मध्ये अहवाल आला. चांगले झाले. पण ते विष दहा रुपयांच्या बाटलीत होते आणि बाटली मध्यमवर्गाच्या फ्रिजमध्ये होती. तीच क्लोरपायरिफॉस नालीच्या गाळात असेल तर त्यासाठी कोणती समिती बसणार? मे २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीटकनाशके बंद करण्याचा मसुदा काढला, त्यात क्लोरपायरिफॉसचे नाव होते. २०२३ चा अंतिम आदेश आला तेव्हा बहुतेक औषधे सुटली. क्लोरपायरिफॉसला फक्त बोर, लिंबूवर्गीय फळे आणि तंबाखू या पिकांवर मनाई झाली. म्हणजे नागपूरच्या संत्र्यावर ती मारता येत नाही, पण नागपूरच्या इमारतीखाली शेकडो लिटरने ओतता येते. संत्रे खाणारा दिसतो, नालीत उभा असणारा दिसत नाही. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या परिषदेने तिला जगातून हद्दपार करावयाच्या रसायनांच्या यादीत काही सवलती ठेवून टाकले आहे. तेव्हा आज ना उद्या ही चर्चा आपल्या दारात येणारच आहे.

‘म्हणजे फवारणी बंद करायची का?’ असा प्रश्न हमखास येईल, आणि तो आपल्याच वस्तीतून यावा. डेंग्यू बंगल्यापेक्षा झोपडपट्टीला जास्त झोडपतो. नळाला पाणी रोज येत नाही तिथे ड्रम भरून ठेवावा लागतो आणि ड्रममध्येच डास होतो. फवारणी बंद करा, असे मी म्हणत नाही. ती गरिबावर दुसरी आपत्ती ठरेल. मागणी आहे ती कशी, कधी, किती आणि कोणाच्या हाताने, याचा हिशेब देण्याची.

कॅलिफोर्निया राज्याने २०१२ मध्ये व्यावसायिक फवारणीसाठी नियम केले. पायरेथ्रॉइड घराबाहेर सरसकट फवारायचे नाही, फटी आणि ठराविक जागांपुरतेच मारायचे. पाऊस पडत असताना मारायचे नाही. साचलेल्या पाण्यावर मारायचे नाही. त्याआधी अमेरिकेने २००० च्या सुमारास क्लोरपायरिफॉस आणि डायझिनॉन घरगुती वापरातून काढली होती, पण त्यांची जागा पायरेथ्रॉइडने घेतली आणि ओढ्यांच्या गाळात तीच सापडू लागली. हा धडा आपल्यासाठीही आहे. एक नाव बंद करून दुसरे आणले की प्रश्न सुटत नाही, वापराची पद्धत बदलावी लागते.

महालात काय करता येईल? हवामान खात्याचा अंदाज सगळ्यांच्या मोबाइलवर येतो. मोठ्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी धुराळणी आणि अळीनाशक थांबवणे याला एक पैसा लागत नाही. घाण पाण्यासाठी बीटीआय नावाचे जिवाणूजन्य अळीनाशक राष्ट्रीय कार्यक्रमात मान्य आहे; ते डासांच्या अळीला मारते आणि माशाला सोडते, त्याचा वाटा वाढवता येईल. बांधकामाची परवानगी देतानाच वाळवीच्या औषधाचे नाव, प्रमाण आणि तारीख लिहून घ्यावी आणि पायाच्या मातीवर ताडपत्री सक्तीची करावी. नालीचा गाळ काढला की त्याच दिवशी उचलावा, आणि तो टाकण्याआधी त्याचा नमुना तपासावा. तपासायला लांब जायला नको. देशाची पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था इथे आहे. कीटकनाशक कळणारी इतकी माणसे एका शहरात क्वचित असतील. त्यांनी जूनच्या पहिल्या पावसात, पाणी चढत असताना, अशोक चौकाजवळ नाग नदीतून चार बाटल्या भरल्या तरी पुष्कळ कळेल. पहिल्याच पावसात का, तर वर्षभराचे सगळे त्यातच वाहून येते; ऑगस्टमधला नमुना स्वच्छ निघेल आणि आपल्याला तोच दाखवतील. आणि सिमेंटच्या मध्ये कुठेतरी मातीचा, गवताचा पट्टा ठेवावा. गवतात पाणी थबकते, गाळ बसतो, विष गाळाबरोबर तिथेच अडकते, आणि माती व ऊन त्याचा हळूहळू नायनाट करतात. पण हा गवताचा पट्टा साफ करायलाही उद्या पुन्हा ऐवजदाराचेच नाव पुढे येणार असेल, तर त्याच्या हातमोज्यांची तरतूद त्याच अंदाजपत्रकात हवी.

या कामाची सुरुवात आपल्या कार्यकर्त्यांना माहिती अधिकाराच्या अर्जाने करता येईल. महापालिकेच्या हिवताप व हत्तीरोग विभागाला विचारावे: मागील तीन वर्षांत कोणते अळीनाशक, किती लिटर, कोणत्या झोनमध्ये, कोणत्या तारखांना वापरले? फवारणी कामगारांपैकी किती जण कायम, किती कंत्राटी? नियम ३७ प्रमाणे त्यांची वैद्यकीय तपासणी शेवटची कधी झाली, कोलिनएस्टरेजचे अहवाल कुठे आहेत? रिकामे डबे कोणाला दिले? आरोग्य विभागाला विचारावे: नाल्यांचा गाळ कुठे टाकला, त्याची तपासणी झाली का? प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे: नाग नदीच्या पाण्यात आणि गाळात कीटकनाशकांची तपासणी केली आहे का, केली असल्यास कोणत्या महिन्यात? कृषी विभागाला विचारावे: शहरात पेस्ट कंट्रोलचे परवानाधारक किती आणि त्यांच्यापैकी किती जणांची तपासणी झाली?

अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात टाकावा, म्हणजे नालेसफाईची माणसे नालीत उतरायच्या आत कागद हाती असेल; आणि उत्तर नाही आले तर पहिले अपील करायलाही पावसाळ्याआधी वेळ उरेल.